बिनआग्रहाची झाडं

कत्तरी लागली की मद्रासमधली माणसं एकमेकांना ऊन किती आहे ते सांगत सुटतात, जणू समोरचा सावलीतून आलाय. मीही सांगते. मे महिन्यातले हे दिवस, पंचांगात अग्निनक्षत्र आणि रस्त्यावर कत्तरी. माझा जन्म इथला, सगळं आयुष्य इथलं, तरी दर वर्षी पहिल्या दिवशी मला वाटतं की एवढं ऊन आजवर कधी पडलंच नव्हतं. शहराचं नाव बदलून चेन्नई झालं, पण उन्हाने ते काही मनावर घेतलेलं नाही.

अशा ऐन उन्हात परवा आमची सून नर्सरीतून एक झाड घेऊन आली. गडद हिरवी, जाड, तेल चोपडल्यासारखी पानं. कुंडीला एक चिठ्ठी लटकवलेली होती: उजेड कमी असला तरी चालेल, पाणी बेताने, खत क्वचित, नाही दिलं तरी हरकत नाही. सून इथल्या शाळेत तमिळ शिकलेली, दिवसभर ऑफिसात इंग्रजी बोलणारी. मराठी ती माझ्यासाठी जपून काढते, पाहुण्यांच्या कपबशीसारखी. म्हणाली, "अम्मा, याला काही करावंच लागत नाही. महिनाभर विसरलं तरी ओके."

"बरं झालं," मी म्हटलं. "विसरायचं काम करायला या घरात मी आहेच."

ती हसली, झाड सोफ्याशेजारी ठेवलं आणि कामाला गेली. अण्णा नगरातल्या आमच्या या घरात दुपारी पडदे ओढले की पंख्याच्या आवाजाशिवाय काही नसतं. मी त्या झाडासमोर बसून राहिले. झाडाला काही नको होतं, मलाही काही नको होतं, आणि अशा वेळी जिची आठवण यायची ती आली. अक्काची.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न झाल्यावर थोड्याच काळात नवरा गेला आणि ती माहेरी परतली. पुढे आईवडील गेले तेव्हा माझे वडील आणि धाकटे चीनूकाका यांना तिनेच वाढवलं. त्यामुळे घरातले सगळे, खालच्या मजल्यावरची घरमालकीण मामी आणि दूधवालासुद्धा तिला अक्काच म्हणत. आम्ही तंजावरकडचे मराठी. आमचे पूर्वज नेमके कधी इकडे आले ते घरात कुणालाच धड सांगता येत नसे, पण आमचं वाक्य मराठीत सुरू होऊन तमिळमध्ये संपतं ते तेव्हापासूनच. साठ सालच्या आसपासची ही हकिगत आहे. मद्रासच्याच तिरुवल्लिक्केणीत एका घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. समुद्र जवळ होता, पण दिसत नसे, दुपारनंतर वाऱ्यातून फक्त कळे.

त्या घरात अक्काची झाडं होती. बाग म्हणावी असं काही नव्हतं. जिन्याच्या वळणावर रॉकेलच्या डब्यात एक क्रोटन, लाल-पिवळ्या ठिपक्यांचा. तडा गेलेल्या लोणच्याच्या बरणीत सापाच्या कातडीसारख्या पट्ट्यांची उभी पानं, ज्यांना मामी मरुळ म्हणे. वडिलांच्या फळीवर शाईच्या बाटलीत एक मनी प्लांट, जो पाण्यावर जगत जगत देवांच्या तसबिरींपर्यंत पोचला होता. आणि खिडकीत पानफुटी. तिचं एक पान मी भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं होतं, तर त्याच्या कडेला बारीक रोपं फुटली आणि अख्खी गोदावरी ओली झाली.

अक्का या झाडांना खायला असं काही घालत नसे. शुक्रवारी तिचं तेल लावून न्हाणं झालं की प्रत्येकाला ओंजळभर पाणी, बस्स. कधी मातीत बोट खुपसून बघायची, बोटाला माती चिकटली तर तेही नाही. "सोडून दिलें की येतें," असं ती म्हणे. झाडाशी बोलणं, पान पुसणं, कौतुक करणं, यातलं काही नाही. पण एखादं पान पिवळं पडलं तर घरात सगळ्यांच्या आधी तिलाच दिसायचं.

या सगळ्यांत थोर होती ती दारावरची कोरफड. इकडची ही पद्धतच आहे. कोरफडीचा अख्खा कोंब मुळांसकट उपटायचा, मुळांना हळद लावायची, दोरी बांधायची आणि दारावर उलटा टांगायचा, मुळं वर, पानं खाली. माती नाही, पाणी नाही, काही नाही. घराला लागायची दृष्ट ती स्वतःवर घेते म्हणतात. गंमत म्हणजे ती मरत नाही. समुद्रावरची ओल आणि पानांत साठवलेलं पाणी यांवर ती वर्षानुवर्षं जगते, आणि हळूहळू तिच्या पानांची टोकं वळून पुन्हा वर उजेडाकडे जातात. आमच्या दारावरची अशीच वळलेली होती. येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्याला ती लागू नये म्हणून उंच माणसं आमच्या घरात वाकून येत, आणि अक्काला वाटे ती तिला मान देतायत.

अशा दारातून चैत्र सरताना कुसुमकाकू आत आली. चीनूकाका मद्रासबाहेर, आवडी नावाच्या गावी संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. त्याआधी शिक्षणासाठी काही महिने पुण्याजवळ राहिले होते, तिथल्या ओळखीतून हे स्थळ आलं. वाईची मुलगी. आम्हा सगळ्यांना केवढी अपूर्वाई! खऱ्याखुऱ्या महाराष्ट्रातून माणूस येणार, खरं मराठी बोलणार. ती आली, आणि पहिल्याच दिवशी अक्काला 'वन्सं' म्हणाली. हा शब्द आमच्यात कुणी वापरत नसे. अक्काला तो इतका मोठा वाटला की ती स्वयंपाकघरात जाऊन पदराआड हसली. पण नंतर कुणीतरी काकूला 'अक्का म्हण' असं सुचवलं तेव्हा अक्काच म्हणाली, "राहूं दे. बरें वाटतें."

लग्नाची तोरणं वाळली आणि कत्तरी लागली. तो उन्हाळा मला वासांनी आठवतो. माठात टाकलेल्या वाळ्याचा, ताकातल्या कढीपत्त्याचा, गच्चीवर तापलेल्या चुन्याचा वास. नळाला पहाटे पाणी येई आणि उजाडताना जाई, मग दिवसभर खालच्या विहिरीचं मचूळ पाणी. रस्त्यावर ताडगोळेवाला विळ्याने टोपी उडवावी तसा ताडफळाचा माथा उडवायचा. चीनूकाका अंधार असतानाच आवडीच्या गाडीसाठी निघत आणि संध्याकाळी वंगणाचा वास घेऊन येत, जेवता जेवता पेंगत. फार मायाळू माणूस, पण जागा असेल तेव्हा. बाकी सगळा लांबलचक दिवस काकूचा आणि अक्काचा.

आणि त्या दिवसात अक्का काकूशी तशीच वागत होती जशी ती झाडांशी वागे. म्हणजे तिच्या मते उत्तम. कामाला लावायचं नाही, हटकायचं नाही, काही शिकवायचं नाही, पोर आपलीआपण रुळेल. माझी अम्मा या घरात आली तेव्हा तिलाही असंच सोडून दिलं होतं आणि ती रुजली होती. पण अम्मा कुंभकोणमची, तिला इथली हवा ठाऊक होती.

एके दुपारी मी गच्चीवर गेले. उन्हात कापडावर वडाम वाळत घातले होते, तांदळाच्या पिठाचे, ज्यांना तिकडे कुरडया किंवा पापड्या म्हणतील तसलं काहीतरी. कावळे हाकलायला काकूला बसवलं होतं. ती छत्रीखाली बसून अर्धे ओले वडाम उचलून खात होती. एकामागून एक, घाईने.

"काकू, तें कच्चें आहे," मी म्हटलं.

"असू दे गं. आमच्याकडे कुरडयांचा चीक असाच खातात." पण तिचा घास घशात अडकला आणि डोळे भरून आले. "मला भूक लागते गं."

"मग जेवताना घे की! भात इतका उरतो."

"कसं घेऊ? एकदा नको म्हटल्यावर?"

"नको कशाला म्हणतीस?"

मी काय विचारतेय तेच तिला कळेना. मग तिने मला समजावून सांगितलं, शाळेत सांगतात तसं. पहिल्यांदा वाढायला आले की नको म्हणायचं, लगेच हो म्हटलं तर हावरट दिसतं. मग वाढणारीने म्हणायचं, अहो घ्या, एवढासा तर आहे. तेव्हाही नको म्हणायचं, पण जरा हळू. मग तिने वाढूनच टाकायचं.

"आणि तिनें नाही वाढलें तर?"

"असं होतच नाही," काकू म्हणाली. "आमच्या वाईला असं होतच नाही."

आमच्या घरात मात्र आग्रह नावाची चीज नव्हती. अक्का पातेलं घेऊन पानावरून एकदा फिरे. नको म्हटलं की नको. तिच्या दृष्टीने हा समोरच्याचा मान होता, मोठ्या माणसाला आपलं पोट कळतं. लग्नापासून रोज काकू एकदा नको म्हणत होती आणि अक्का रोज तिचा शब्द पाळत होती. दोघी अगदी सभ्यपणे वागत होत्या आणि त्यांतली एक उपाशी राहत होती.

मला काकू फार आवडायची. तिची लांब वेणी, तिचं 'अगं बाई' म्हणणं, तिने मला शिकवलेले भेंड्यांचे खेळ. तिने माझ्याकडून शपथ घेतली होती की भुकेचं कुणाला सांगायचं नाही, आणि मी सांगितलं नाही. चोरून केळी मात्र नेऊन दिली.

माणसाला जे मिळत नाही ते तो दुसऱ्याला देत सुटतो, असं मला आता वाटतं. काकूने झाडांना पाणी घालायला सुरुवात केली. रोज. तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी, विहिरीवरून स्वतः ओढून आणलेली बादली. त्या पाण्याच्या टंचाईत खालची मामी खिडकीतून डोळे वटारून बघायची. काकू क्रोटनची पानं ओल्या फडक्याने पुसायची, मरुळच्या बरणीशी बसून म्हणायची, "किती गं तू तहानलेली." अक्का हे बघत होती. घरातल्या नव्या सुनेने हौसेने काही करावं आणि आपण हात धरावा, हे तिच्या स्वभावात नव्हतं.

मग एका संध्याकाळी अक्का देवळातून परत आली आणि दारात थबकली. वर खिळा मोकळा होता. काकू आतून धावत आली, हाताला माती, चेहरा नुसता फुललेला.

"वन्सं, ती कोरफड औषधासाठी वाळत घातली होती ना? विसरलात वाटतं. बिचारी उलटी लटकून लटकून वाकडी झाली होती. मी डब्यात लावली. शेंगदाण्याची पेंड घातलीये, ताक घातलंय. बघाच आता कशी फोफावते ते."

मी आणि अम्मा मागे उभ्या. अक्काने डब्याकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं.

"सरि," म्हणाली, आणि पाय धुवायला गेली.

सरि म्हणजे बरं, ठीक. अक्काच्या तोंडी त्याचा अर्थ काहीही होऊ शके. काकू तिथेच उभी राहिली. शाबासकी नाही, रागावणं नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मामीने तिला सगळं सांगितलं, दारावरची ती कोरफड काय असते, कशासाठी असते, आणि नव्या मुलीने लग्नाच्या वर्षात ती उतरवली म्हणजे, अय्यय्यो. काकू बादली तिथेच टाकून वर आली. "रागावल्या असत्या तर बरं झालं असतं," ती मला म्हणाली. "आमच्या आईने दोन धपाटे घातले असते आणि मग जेवायला वाढलं असतं. ह्यांना मी दिसते तरी का गं?"

आणि झाडांचं व्हायचं तेच झालं. आषाढ जवळ येईपर्यंत मरुळचं एक उंच पान हात लावताच मुळातून निखळून पडलं, आत सगळं लिबलिबीत. कोरफड तर आधी फुगली, मग तपकिरी झाली, मग डब्यात बसली. जी वर्षानुवर्षं हवेवर जगली ती खाऊन मेली. काकूने ते बघितलं आणि तिच्या मनात काहीतरी कायमचं ठरलं, हे मला तिच्या पाठीवरूनही कळलं.

आडी महिना, म्हणजे तमिळ पंचांगातला आषाढ, तोंडावर होता. आमच्या इकडे नव्या जोडप्याला आडीत एकत्र ठेवत नाहीत, मुलीला माहेरचे घेऊन जातात. कारण साधं आहे: आडीत दिवस राहिले तर मूल थेट उन्हाळ्याच्या तोंडी जन्मतं. म्हणजे इथे प्रेमालासुद्धा कत्तरी विचारून यावं लागतं. काकूचा भाऊ तिला न्यायला येणार होता. ती ट्रंक भरत होती आणि मी शेजारी बसले होते. एका महिन्यासाठी कुणी शाल नेतं का? लग्नातले सगळे शालू? देवाची छोटी समई?

"काकू, अस्कें कशाला नेतीस?" मी विचारलं. अस्कें म्हणजे आमच्यात सगळं.

तिने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी परत येणार नाही. ह्यांना पुण्याकडे बदली मागता येईल. नाही मागितली तर बघू. पण मी इथे नाही राहू शकत गं. तुझी आठवण येईल मला." मग आम्ही दोघी रडलो. आडी संपली की श्रावण येईल, दिवाळी येईल आणि काकू नसेल.

तिच्या भुकेचं मी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी अक्काला कळलं. गच्चीवरच्या वडामांच्या रांगांतली भोकं तिला दिसली असावीत. कावळा रांगेने खात नाही, हे तिला कळत होतं. काकू जायच्या दोन-तीन दिवस आधीची दुपार. आम्ही पानावर बसलो होतो. अक्का भाताचं पातेलं घेऊन फिरली, काकू नको म्हणाली, अक्का पुढे गेली. आणि परत आली. काकूच्या पानासमोर उभी राहिली.

"वाढूं?" तिने विचारलं.

काकू दचकली आणि सवयीने म्हणाली, "नको."

अक्काचा हात हवेतच राहिला. पुढे काय करायचं असतं ते तिला ठाऊकच नव्हतं. ती काकूकडे बघत होती, काकू पानाकडे बघत होती, डावातून वाफ येत होती. मला दोघींच्या मधे उभं राहून ओरडावंसं वाटलं. शेवटी अक्का "सरि" म्हणाली आणि पातेलं घेऊन आत गेली. आज मला त्या प्रसंगाचं हसू येतं. बिचारीला आग्रह येतच नव्हता.

काकूचा भाऊ आला, डोक्यावर काळी टोपी, मद्रासच्या उन्हाने लालबुंद. निघायच्या दिवशी चीनूकाकांना सुटी मिळाली नाही, ते पहाटेच निरोप घेऊन गेले होते. वडील पोचवायला निघाले, मी हट्टाने बरोबर, आणि रिक्षा आल्या तेव्हा अक्काही लुगडं बदलून तयार. ती कुणाला पोचवायला कधी स्टेशनावर गेली नव्हती.

मुंबईच्या गाडीला सेंट्रलवर ही गर्दी. भाऊ सुरई भरून आणायला गेला. काकू खिडकीत बसली होती, खिडकीच्या गजांवर हात ठेवून. अक्का प्लॅटफॉर्मवर उभी, नजर इंजिनाकडे, जणू इंजिनाशीच बोलतेय.

"तें कोरफडीचें मी सांगायला पाह्यजे होतें. झाडांचें पण. कोणी सांगितलेंच नाही तर तुला कसें कळणार?" तिने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. "मला वाटलें, बघून बघून येईल. मला अस्कें बघूनच आलें. मला कोणी सांगितलें नाही."

काकू काहीतरी बोलणार होती. पण भाऊ सुरई घेऊन आला, शिट्टी झाली आणि गाडी हलली. अक्काने खिडकीबरोबर चार पावलं टाकली, फक्त चार, आणि थांबली. परतताना आम्ही दोघी एका रिक्षात बसलो. मी तिचा हात धरला होता. तो हात खरखरीत होता आणि तिने तो सोडवून घेतला नाही.

सासू झाल्यावर मला अक्का जास्त कळली. आपण म्हणतो, मी सुनेला मोकळीक दिली, तिच्यात लुडबुड केली नाही. आपल्याला त्याचा केवढा अभिमान. पण नव्या माणसाला त्या मोकळिकीत बसायला जागा दिसत नाही. परवाच्या झाडाच्या चिठ्ठीवर निदान लिहिलं तरी होतं काय हवं, काय नको. माणसाच्या गळ्यात चिठ्ठी नसते. सोळाव्या-सतराव्या वर्षी घर गमावलेली बाई कुणी न विचारता जगायला शिकली आणि तिला वाटलं, जगायची रीतच ही. तिच्यात माया कमी नव्हती. ती कशी बाहेर काढायची हे तिला कुणी करून दाखवलं नव्हतं, एवढंच.

त्या वर्षीची आडी वाऱ्याची होती. धूळ उडायची, खिडक्या आपटायच्या, अम्मन देवीच्या देवळांतून दिवसभर कर्ण्यांवर गाणी. काकूचं पोचल्याचं कार्ड आलं, त्यानंतर काही नाही. चीनूकाका रविवारी जागे राहू लागले, आणि जागे राहून नुसतेच गच्चीवर येरझारा घालू लागले. मामी रोज विचारायची, दारावर नवी कोरफड कधी टांगणार? अक्का म्हणायची, बघू. भात रोज जास्त व्हायला लागला. इतकी वर्षं तिचा अंदाज कधी चुकला नव्हता, आता रोज एका माणसाचा भात उरे आणि तो ती गुपचूप कावळ्यांना घाली. मी एकदा धीर करून विचारलं, "अक्का, काकू येईल का गे?" कुजलेल्या मातीचे डबे ती उन्हात पालथे घालत होती, तेच घालत राहिली.

आडी अर्धीच सरली होती. सकाळची वेळ, वडील ऑफिसला गेलेले, चीनूकाकांना नेमकं त्या दिवशी बरं नव्हतं म्हणून ते घरी. जिन्यात ट्रंक आपटल्याचा आवाज झाला. मी दार उघडलं तर काकू. तोंडावर इंजिनाची काजळी, केस विस्कटलेले, मागे हमाल.

"एकटी आलीस?" अम्माने विचारलं.

"पुण्याच्या एक बाई होत्या बायकांच्या डब्यात." ती धापा टाकत होती. "आईला सांगितलं, मला जायचंय. ती म्हणाली, महिना तरी पुरा कर. मला काही तिथं करमेना."

अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. काकू तिच्याकडे बघून बोलायला लागली, एका दमात, जणू गाडीत पाठ करून आली होती. "तिथं सगळ्या जमल्या होत्या, विचारत होत्या, सासर कसं आहे. मी म्हटलं, आज सगळं सांगून टाकते. सांगायला बसले. वन्सं, तुम्ही त्या दिवशी पातेलं घेऊन कशा उभ्या राहिलात, तेही सांगितलं. तर सगळ्या हसायला लागल्या. आई, वहिनी, आत्या, सगळ्या. मला इतका राग आला! मी म्हटलं, हसताय काय? त्या परत फिरून विचारायला आल्या होत्या. त्यांना येत नाही तरी आल्या होत्या." इथे तिचा आवाज फाटला. "मग मला त्यांच्यात बसवेना."

अक्का पुढे आली. तिने पदराने काकूच्या गालावरची काजळी पुसली, जरा जोरातच, भांडं पुसावं तशी. मग म्हणाली, "पाय धू. पान मांडतें." आणि चीनूकाका आतल्या खोलीतून चेहरा उजळवत बाहेर येताहेत हे बघून, मागे न वळता, "चीनू, तुझे कपडे घे. आडी संपेपर्यंत आवडीला त्या दोस्ताकडे राहा. ताप असला तरी जा." काकांचा ताप त्याच क्षणी उतरला होता, पण जावं लागलंच.

काकू पानावर बसली. साधं जेवण होतं, भात, आंबट वरण, डांगराची पचडी. अक्काने वाढलं आणि ती समोरच पाट घेऊन बसली, जे ती कधी करत नसे. इतक्यात खालून मामी वर आली. ट्रंक तिने खिडकीतून पाहिली होती.

"अक्का, आडी अजून संपली नाही," मामी दारातूनच म्हणाली. "नवी मुलगी अशी मधेच कशी आली? माहेरच्यांनी पाठवली कशी? का तुम्ही बोलावलीत?"

आमच्या घरातली एकूण एक रीत अक्काने पाळलेली. एकादशी चुकली नाही, ग्रहण चुकलं नाही. मी तिच्याकडे बघत होते. ती उठली, दारापर्यंत गेली आणि मामीला शांतपणे म्हणाली, "तिच्या घरी ती आली, मामी. बोलवायला ती काय परकी आहे?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूचा आवाज आला, खणखणीत, साऱ्या घराला ऐकू जाईल असा.

"वन्सं, भात संपला हो माझा. आणखी वाढा."